ज्वालामुखीची राख आणि डोंगरदऱ्यांचा कालनिर्णय

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सव हा एका अर्थी कालगणनेचा उत्सव आहे. आपल्या मंडळाला पन्नास वर्षे झाली असे आपण निःशंकपणे म्हणतो, कारण इतिवृत्ताच्या पहिल्या वहीत पहिल्या सभेची तारीख नमूद आहे. परंतु ज्यांच्यापाशी अशी वही नाही त्यांचे वय कसे ठरवावयाचे? आपल्या सह्याद्रीचे वय किती, काशीच्या दक्षिणेस उभ्या असलेल्या विंध्याचे किती, उत्तरेस हिमालयाच्या पायथ्याशी असलेल्या टेकड्यांचे किती? आजचा माझा विषय हा आहे. मी भूशास्त्राचा पदवीधर नव्हे. बी. ए. होऊन केंद्र सरकारच्या टपाल खात्यात शिरलो आणि पाकिटांवरील तारखांचे शिक्के पाहण्यात नोकरीची वर्षे गेली. या शास्त्राचे वाचन फावल्या वेळातले. तेव्हा पुढील निवेदन एका जिज्ञासू वाचकाचे आहे, असे समजून ते ऐकावे, ही विनंती.

प्रथम अडचण समजून घेऊ. वाड्याचे वय वेगळे आणि वाड्याच्या चिऱ्याचे वय वेगळे. त्याचप्रमाणे डोंगराचा दगड केव्हा झाला हा एक प्रश्न, आणि त्या दगडाला डोंगराचा आकार केव्हा आला हा दुसरा. दरीची गोष्ट तर याहून बिकट. दरी म्हणजे वाहून गेलेला दगड. जो जागेवर उरलाच नाही त्याचे वय कशावरून मोजणार? बरे, नदीने आणून टाकलेल्या गाळाला विचारावे, तर वाळूचा प्रत्येक कण कोठल्या तरी जुन्या खडकाचा. त्याचे वय काढले तर ते मूळ खडकाचे निघते, गाळ साचल्याचे नव्हे.

येथे ज्वालामुखी मदतीस येतो. तप्त शिलारस थंड होऊन त्याचे स्फटिक बनतात, त्या क्षणी त्यांच्यातील घड्याळ सुरू होते. झिरकॉन नावाच्या बारीक स्फटिकात युरेनियम सहज शिरते, पण शिशाला तेथे जवळपास मज्जाव असतो. पुढे युरेनियमचे ठरलेल्या गतीने शिसे होत जाते. त्याच्या मुख्य प्रकाराचा निम्मा भाग पालटण्यास सुमारे ४४७ कोटी वर्षे लागतात. म्हणून आज सापडणारे शिसे मोजले की स्फटिकाचे वय कळते. पोटॅशियमच्या एका प्रकारापासून अरगॉन वायू होतो, त्यावरूनही अशीच गणना करता येते. ज्वालामुखीच्या राखेचा दुसरा गुण असा की, ती काही दिवसांत वा आठवड्यांत लक्षावधी चौरस किलोमीटरांवर पसरते. डोंगर, मैदान, सरोवर, समुद्र, सर्वांवर एकाच वेळी. शिवाय प्रत्येक उद्रेकाच्या काचकणांची रासायनिक घडण निराळी असते, त्यामुळे हजारो किलोमीटरांवर सापडलेली राख कोणत्या ज्वालामुखीची, हेही ओळखता येते.

माझ्या खात्याच्या भाषेत सांगावयाचे तर ही राख म्हणजे निसर्गाने मारलेला तारखेचा शिक्का. शिक्क्याच्या खालचे थर त्या तारखेपूर्वीचे, वरचे नंतरचे. आणि दोन शिक्के मिळाले, एक रवानगीचा आणि एक बटवड्याचा, तर पत्राचा प्रवास त्या दोन तारखांच्या दरम्यान झाला हे निश्चित होते.

आता आपल्याच दारापासून आरंभ करू. शिंदे, भोसले इत्यादी मराठा घराण्यांनी या नगरीत घाट बांधले, हे आपणांस सांगावयास नको. काशीच्या घाटांच्या पायऱ्यांचा दगड बहुतांशी चुनारचा. चुनार गंगेच्या वरच्या अंगाला असल्याने दगड नावांतून प्रवाहाबरोबर खाली आणता येई. सारनाथचा अशोकस्तंभही चुनारच्याच दगडाचा. हा वालुकाश्म, म्हणजे पाण्याने आणून टाकलेल्या वाळूचा घट्ट झालेला खडक. भूशास्त्रज्ञ त्याला विंध्य शैलसमूहाच्या कैमूर गटात घालतात. कैमूरच्या खाली सेमरी गटाचे थर आहेत. ते आपल्या शेजारच्या सोनभद्र जिल्ह्यात आणि मध्य प्रदेशातील सीधीकडे सोन नदीच्या खोऱ्यात उघडे पडलेले दिसतात. त्या थरांत चिनी मातीच्या भांड्यासारखा कठीण, गुळगुळीत फुटणारा एक खडक आहे. त्याचे नाव पोर्सेलेनाइट. तो म्हणजे दगड झालेली ज्वालामुखीची राख.

या राखेची तारीख लावण्याची निकड एका वादातून निर्माण झाली. १९९८ साली जर्मन शास्त्रज्ञ झाइलाखर आणि कलकत्त्याच्या जादवपूर विद्यापीठातील प्रा. बोस प्रभृतींनी सीधी जिल्ह्यातील चुरहटच्या वालुकाश्मात कृमींच्या बिळांसारख्या खुणा सापडल्याचे प्रसिद्ध केले आणि त्या शंभर कोटी वर्षांहून जुन्या असल्याचे सांगितले. प्राण्यांचा इतका जुना पुरावा जगात कोठेही नव्हता. त्याच वर्षी डेहराडूनच्या वाडिया संस्थेतील डॉ. आझमी यांनी सेमरी गटातल्याच रोहतासच्या चुनखडकात सूक्ष्म कवचांचे जीवाश्म आढळल्याचे जाहीर केले. तशी कवचे सुमारे ५४ कोटी वर्षांपूर्वीच्या काळाची म्हणून प्रसिद्ध आहेत. म्हणजे एकाच गटातील खडकांना एक पक्ष शंभर कोटींहून जुना म्हणतो, दुसरा त्याच्या निम्म्या वयाचा! दोन्ही खरे असणे शक्य नव्हते.

निकाल राखेने दिला. २००२ साली दोन स्वतंत्र चमूंनी पोर्सेलेनाइटमधील झिरकॉन तपासले. दोघांचेही उत्तर सुमारे १६३ कोटी वर्षे असे आले. चुरहटच्या वालुकाश्माच्या वर असलेल्या राखेचे वय सुमारे १६० कोटी निघाले. वालुकाश्म या दोन शिक्क्यांच्या मधोमध पकडला गेला. इतक्या जुन्या काळी कृमी असणे प्राण्यांच्या ज्ञात इतिहासाशी मुळीच जुळेना, म्हणून त्या खुणांचा अर्थ पुन्हा लावणे भाग पडले. दुसऱ्या बाजूच्या जीवाश्मांची कथा अधिक मनोवेधक आहे. स्वीडनच्या बेंगट्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रकूटच्या खडकांतील तशाच जीवाश्मांची तपासणी करून २००९ साली दाखवून दिले की, जीवाश्म अस्सल आहेत, परंतु ते प्राण्यांची कवचे नसून शेवाळवर्गीय आणि सूक्ष्म जीवांचे अवशेष आहेत, आणि त्यांचे वय सुमारे १६० कोटी वर्षांच्या घरातले आहे. २०१७ साली त्यांतील काहींना लाल शेवाळांचे अतिप्राचीन नमुने मानण्यात आले. तारीख लागली तेव्हा सापडलेली वस्तू खोटी ठरली नाही. तिची ओळख मात्र बदलली.

मग आपल्या घाटाच्या पायरीचे वय किती? तिच्या खालचा शिक्का आपण पाहिला, १६० कोटींचा. वरचा शिक्का पन्न्याजवळच्या मझगवाँ येथे मिळतो. तेथील हिऱ्यांची खाण एका प्राचीन ज्वालामुखीच्या नळीत आहे, आणि ती नळी कैमूर गटाच्याच वालुकाश्माला भेदून वर आली आहे. जो भेदतो तो नंतरचा, जो भेदला जातो तो आधीचा. नळीतील अभ्रकाचे वय सुमारे १०७ कोटी वर्षे आले. म्हणजे कैमूरचा वालुकाश्म त्याहून जुना. ज्या पायरीवर उभे राहून आपण अर्घ्य देतो ती १६० ते १०७ कोटी वर्षांपूर्वीच्या काळातील वाळू होय. यापेक्षा अचूक आकडा हा पुरावा देत नाही, आणि न दिलेला आकडा त्याच्या तोंडी घालण्याचा अधिकार आपल्याला नाही.

याच सोन नदीच्या खोऱ्यात दुसरी एक राख आहे, अगदी अलीकडची. १९८० नंतर अलाहाबाद विद्यापीठाचे प्रा. गो. रा. शर्मा आणि कॅलिफोर्नियाचे प्रा. डेस्मंड क्लार्क यांच्या संयुक्त संशोधनात सोनच्या काठच्या गाळात पांढुरक्या राखेचा थर ओळखण्यात आला. ही राख आली होती सुमारे ३,००० किलोमीटरांवरून, सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीतून. सुमारे ७४,००० वर्षांपूर्वी तेथे महाभयंकर उद्रेक झाला; जमीन खचून जो खळगा पडला त्यात आज सुमारे १०० किलोमीटर लांबीचे सरोवर आहे. सोनच्या खोऱ्यात ही राख काठाच्या गाळात पुरलेली आढळते, आणि नदी आज त्याच गाळाला कापून वाहते. म्हणजे राख पडली त्या काळी नदी येथे भर घालीत होती, आणि पुढे केव्हा तरी तिने तोच गाळ खोदावयास सुरुवात केली. नदीचा स्वभाव केव्हा पालटला याची जुन्यात जुनी मर्यादा आपल्याला एका थरावरून मिळते.

या राखेशी माणसाचेही नाते आहे. टोबाच्या उद्रेकाने मानवजात जवळजवळ नष्ट झाली, असे एक मत मांडले गेले होते. परंतु आंध्र प्रदेशातील ज्वालापुरम येथे राखेच्या खाली आणि वर, दोन्ही ठिकाणी बऱ्याच अंशी सारखी दगडी हत्यारे मिळाल्याचे २००७ साली प्रसिद्ध झाले. सोनच्याच काठी ढाबा येथे सुमारे ८०,००० ते ६५,००० वर्षांपूर्वीच्या काळात हत्यारे घडविण्याची परंपरा खंडित झाल्याचे दिसत नाही, असे २०२० साली नोंदले गेले. आकाश काळवंडले तरी येथली माणसे तग धरून राहिली, असे हे दगड सांगतात.

आता महाराष्ट्रात जाऊ. पुणे जिल्ह्यात जुन्नरकडून वाहणारी कुकडी नदी आहे. ती घोड नदीला मिळते आणि घोड भीमेला. कुकडीच्या काठी बोरी या गावी गाळात राखेचा थर आणि त्याच परिसरात अश्मयुगीन हातकुऱ्हाडी सापडल्या. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९८० नंतरच्या दशकात या स्थळाचा अभ्यास केला. पोटॅशियम-अरगॉन पद्धतीने राखेचे वय सुमारे १४ लाख वर्षे आले तेव्हा मोठी खळबळ उडाली. महाराष्ट्रात १४ लाख वर्षांपूर्वी माणूस! पुढे १९९५ साली सुधारित पद्धतीने ६ लाख ७० हजार वर्षे हा आकडा पुढे आला. त्याच सुमारास काचकणांच्या रासायनिक तपासणीवरून दुसऱ्या शास्त्रज्ञांनी प्रतिपादिले की, ही राख ७४,००० वर्षांपूर्वीच्या टोबाचीच आहे. टोबाचे त्यापूर्वीही मोठे उद्रेक झालेले असल्याने अधिक जुन्या वयाचा पक्षही टिकून राहिला. एकाच राखेची तीन वये, आणि वाद सर्वसंमतीने मिटलेला नाही.

असे का व्हावे? पाकिटाचेच उदाहरण घ्या. पत्ता बदललेल्या माणसाचे पत्र गावोगाव फिरून महिन्यांनी त्याच्या हाती पडते. पाकिटावरील पहिला शिक्का अस्सलच असतो, पण तो पत्र टाकल्याचा दिवस सांगतो, हाती पडल्याचा नव्हे. राखही अशीच फिरते. पावसाने ती टेकडीवरून ओघळते, नदी तिला उचलते आणि पुन्हा दुसरीकडे नेऊन साचविते. तेव्हा राखेचे वय बिनचूक असले तरी ज्या गाळात ती सापडली तो तितकाच जुना असेल असे नाही. तो नंतरचाही असू शकतो. दुसरा धोका भेसळीचा. कुकडीचे सारे खोरे काळ्या बेसॉल्ट कातळाचे, आणि त्या कातळाचे वय सुमारे साडेसहा कोटी वर्षे. नमुन्यातील पोटॅशियमचा शंभरावा भाग जरी त्या जुन्या कातळाच्या कणांतून आला, तरी राखेच्या वयात साडेसहा लाख वर्षांची भर पडेल. म्हणून राख एकजिनसी आहे की मिसळलेली, आकाशातून पडून जागीच राहिली की पाण्याने आणली, हे पाहिल्याशिवाय तिच्या तारखेवर इमारत उभारता येत नाही. हातकुऱ्हाडींचे प्राचीनत्व मात्र केवळ बोरीवर अवलंबून नाही. तामिळनाडूतील अतिरमपाक्कम येथील हत्यारांना २०११ साली अगदी निराळ्या रीतीने सुमारे १५ लाख वर्षांचे वय देण्यात आले. आपल्या प्रांताचा मान वाढतो म्हणून मोठा आकडा खरा मानावा आणि लहान आकडा शत्रूचा समजावा, असा मोह सर्वांनाच होतो. बोरीच्या राखेने त्या मोहापासून सावध केले, हे तिचे ऋण मी मोठे मानतो.

हा काळा कातळ म्हणजेच सह्याद्री. शिलारसाचे प्रवाह एकावर एक पसरत गेले आणि त्यांच्या पायऱ्या झाल्या. दख्खन ट्रॅप या नावातील ट्रॅप शब्दही स्कँडिनेव्हियातील पायरीवाचक शब्दावरूनच आला. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश या कातळाखाली आहे. घाटातून जाताना दोन काळ्या थरांच्या मध्ये तांबड्या मातीची रेघ आपण पुष्कळांनी पाहिली असेल. एक प्रवाह थिजल्यावर दुसरा येईपर्यंतच्या विरामात ही माती तयार झाली, आणि तिच्यात कोठे कोठे बारीक राखही पडली. त्या राखेतील झिरकॉनवरून २०१५ साली असे मांडण्यात आले की, या लाव्ह्याचा मुख्य भाग सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, जेमतेम साडेसात लाख वर्षांच्या अवधीत बाहेर पडला. डायनोसॉर नामशेष झाले तो काळ हाच. म्हणून या तांबड्या रेघांकडे साऱ्या जगाचे लक्ष लागले आहे.

पण हे वय दगडाचे. सह्याद्रीच्या कड्याचे काय? त्यालाही कातळच साक्ष देतो. महाबळेश्वरापाशी हे थर जवळजवळ आडवे आहेत आणि कोकणाकडे एकदम तुटतात. ज्याअर्थी ते तुटलेले आहेत त्याअर्थी पूर्वी ते पश्चिमेकडे आणखी पसरलेले होते, आणि कडा त्यांच्यानंतरचा आहे. पनवेलच्या बाजूस तेच थर समुद्राकडे वाकलेले दिसतात. आडवे साचले आणि मागाहून वाकले. मुंबईजवळ मनोरीकडे जे उशिराचे ज्वालामुखीजन्य खडक आहेत त्यांचे वय सहा ते सव्वासहा कोटी वर्षे निघाले, आणि तेही समुद्राकडे झुकलेले आहेत. तेव्हा हे वळण त्याहूनही अलीकडचे. नद्यांचीही अशीच साक्ष आहे. आंध्रात गोदावरीकाठी राजमहेंद्रीजवळ जो बेसॉल्ट आहे त्याची घडण आणि वय महाबळेश्वरकडच्या प्रवाहांशी जुळते. तो लाव्हा जुन्या दऱ्यांतून सुमारे हजार किलोमीटर वाहत गेला, असे अनुमान आहे. ते खरे असेल तर दख्खनचा उतार त्या काळीही पूर्वेकडेच होता, आणि आपल्या गोदा-कृष्णांची पूर्वाभिमुखता फार पुरातन आहे.

उत्तरेकडेही दृष्टी टाकू. हिमालयाच्या पायथ्याशी शिवालिकच्या टेकड्या आहेत. त्या नद्यांनी पर्वतातून आणलेल्या गाळाच्याच बनल्या आहेत. आज पाकिस्तानात असलेल्या पोटवार पठारावर या गाळात राखेचे थर मिळाले, त्यांतील काही सुमारे २५ लाख वर्षांचे. गाळ साचला तेव्हा आडवा होता, राखही त्यावर आडवी पसरली. आज दोन्ही कललेले आहेत. म्हणजे काल जे मैदान होते ते गेल्या २५ लाख वर्षांत डोंगर झाले. सोनकाठच्या १६३ कोटींपुढे हा काळ अगदीच थोडा. हिमालयाची घडण अजून चालू आहे, हे आपण भूकंपाने शिकतो. राख तेच शांतपणे सांगते.

मंडळी, हा सारा पुरावा किती नाजूक आहे हे शेवटी सांगितले पाहिजे. ज्वालापुरमची राख भांडी घासण्याच्या पावडरीसाठी खणून पोत्यांतून नेण्यात आली. खणणाऱ्या गरीब माणसाला दोष देता येत नाही. त्याला ती पांढरी माती वाटते. पण एकदा उकरलेला थर पुन्हा जागेवर बसविता येत नाही, कारण त्याचे सारे मोल त्याच्या खाली काय होते आणि वर काय होते यात आहे. जागेवरून हललेली राख म्हणजे पाकिटापासून वेगळा झालेला शिक्का.

म्हणून दोन सूचना करतो आणि आपली रजा घेतो. पहिली मंडळाच्या कार्यकारिणीस. दरवर्षीच्या सहलींपैकी एखादी सोनभद्र जिल्ह्यातील सलखनच्या जीवाश्म उद्यानास न्यावी. सेमरी गटाच्या खडकांत शेवाळी थरांनी रचलेली वर्तुळे तेथे उघड्यावर दिसतात. मुलांनी ती पाहावी, हात लावावा, पण तुकडा घरी आणू नये. दुसरी सूचना गृहिणींस आणि वडीलधाऱ्यांस. या नगरीत ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा या भागांतील आपल्या जुन्या घरांत गावाकडून आलेली पत्रे अजून पेट्यांत असतील. पुष्कळ पत्रांवर लिहिणाऱ्याने तारीख घातलेली नसते. ‘आषाढ वद्य’ एवढेच असते, साल नसते. साफसफाईत पत्र ठेवतात आणि फाटके पाकीट फेकून देतात. कृपा करून तसे करू नये. साल त्या पाकिटावर आहे.